माया

मसुद्यातलं तिसरं कलम मी लिहिलं होतं:
'दुकान म्हणजे चार भिंती, एक दार,
दारावर पाटी, पाटीवर क्रमांक.'
बिश्केकच्या थंडीत, मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर,
हीटरच्या नळीला पाठ टेकून लिहिताना
ते अगदी पक्कं वाटलं होतं.

साहेब म्हणाले, एकदा दोर्दोयला जाऊन ये.

दोर्दोय म्हणजे कंटेनरवर कंटेनर,
खालच्यात विक्री, वरच्यात माल,
मधल्या गल्लीत बर्फाचा काळा चिखल
आणि चहाची गाडी ढकलत ओरडणारी बाई.
सालकिनच्या कंटेनरला कुलूप होतं. पाटी शाबूत, क्रमांक शाबूत.
कलमाप्रमाणे दुकान.
फक्त आत दुकान नव्हतं.

ते होतं आक-ओर्गोत, तिच्या स्वयंपाकघरात,
खिडकीशी उभ्या केलेल्या फोनमध्ये.
गोल दिव्यापुढे ती झगा झटकत होती,
बाही उलटी करून शिवण दाखवत होती,
आणि ओशपासून कझानपर्यंतच्या बाया
अंगठ्याने विचारत होत्या:
निळ्यात आहे का? पोटाशी सैल आहे का?
अर्धे पैसे पगारानंतर चालतील का?
सासू मागे बोर्सोक तळत होती.
मधूनच तिचा पिठाळ हात लाइव्हमध्ये यायचा,
त्यालाही दोन-चार लाल बदाम पडायचे.

मी वही उघडली. पत्ता?
"कुठला लिहिता?" सालकिन हसली.
"सकाळी इन्स्टाग्राम, दुपारी टेलिग्राम,
रात्री, जिथे गिऱ्हाईक जागं असेल तिथे.
मागच्या हिवाळ्यातलं ॲप आता उघडतसुद्धा नाही.
कर भरीन की. नाही कुठे म्हणतेय?
पण तुमच्या फॉर्मात दाराची रुंदी विचारलीय."

रुंदी मीच घातली होती.

"आणि ती नारिनची बाई," ती म्हणाली,
"नऊ हजार सोम पाठवले तिने, कोटाऐवजी आली चिंधी.
विकणारीनं रातोरात खातं पुसलं.
तिला दार नव्हतंच. तिला कुठलं कलम लावाल?"
मी पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

निघताना माझी बाही मनगटावरून वर सरकली.
तिने सवयीने हात धरला, काठ उलटा करून पाहिला
आणि जीभ टाळ्याला लावून चुकचुकली.
"माया सोडलेलीच नाही.
कापणाऱ्याला वाटलं असेल,
माणूस आहे तेवढाच राहील."

शिवणीच्या आत दुमडलेलं बोटभर कापड.
बाहेरून दिसत नाही,
कापताना तर वाया गेल्यासारखंच वाटतं.

चार रात्री बसून मी कलम पुन्हा बेतलं:
'दुकान म्हणजे जिथे कुणीतरी किंमत सांगतं
आणि कुणीतरी विश्वास ठेवतं.'
कायदा विभागाच्या ओमुर्बेकांनी चष्मा काढला.
"ही कविता झाली," म्हणाले, आणि आडवी रेघ मारली.
विश्वास कसा मोजायचा, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.
दाराची रुंदी मात्र त्याच रेघेत गेली,
आणि तळाशी एक ओळ उरली,
बहुधा जेवणाची वेळ झाल्यामुळे:
'हे कलम सहा महिन्यांनी आपोआप उसवेल.
पुन्हा शिवण्याआधी विकणाऱ्यांना विचारावं,
त्यांच्याही आधी, फसलेल्यांना.'

मेच्या बाराला शिक्का बसला.
जूनमध्ये सालकिनचा आवाज आला फोनवर,
मागे शिवणयंत्र, मागे सासूची कढई:
"भरला बाई तुमचा फॉर्म.
पण नव्या ॲपचं नाव रकान्यात मावत नाही.
अर्धं लिहिलंय. चालेल?"

चालेल, म्हटलं.
नोव्हेंबरच्या बारा तारखेला, उसवायच्या दिवशी,
कॅलेंडरवर मी पेन्सिलीनं गोल केला आहे.
कोट तोच घालतो अजून.
हात लांब केला की मनगट उघडं पडतं,
आणि तिथे
गार लागतं.